संकल्प करणारें यंत्र आणि जाब देणारा मनुष्य



गेल्या पावसाळ्याच्या तोंडीं एका खेड्यांत गेलों असतां सरकारी धान्याच्या दुकानापुढें एक प्रसंग मीं पाहिला. सत्तरी ओलांडलेल्या एका आजीबाईंनीं ओळख पटविण्याच्या यंत्रावर अंगठा ठेविला. यंत्रानें नकार दिला. त्यांनीं अंगठा पदरास पुसून पुनः ठेविला. पुनः नकारच आला. जन्मभर खुरपें धरून व राखेनें भांडीं घांसून त्या अंगठ्यावरील रेषा झिजून गेल्या होत्या. दुकानदार कांहीं निर्दय मनुष्य नव्हता. तो म्हणाला, "आजी, मी तरी काय करूं? मशीनच नाहीं म्हणतंय." आजीबाई रिकाम्या पिशवीची घडी करून घरीं गेल्या. मीही तेथें उभा होतों, आणि यंत्रच नाहीं म्हणतें तेथें मनुष्याचें काय चालणार, असें मनाशीं म्हणून गप्प राहिलों.

रात्रीं त्या गप्प राहण्याची मला लाज वाटूं लागली. ज्या घरीं उतरलों होतों तेथील तरुण शिक्षकास मीं ही हकीकत सांगितली. तो म्हणाला, "पाळकसाहेब, तें यंत्र केवळ दोन ठसे ताडून पाहतें, विचार त्याला ठाऊक नाहीं. पण आतां स्वतः विचार करून स्वतः काम करणारीं यंत्रें निघालीं आहेत. उद्यां त्यांनीं नाहीं म्हटलें, तर चूक कोणाची म्हणावी?" प्रश्न योग्य होता, आणि उत्तर मजजवळ तयार नव्हतें. म्हणून अशीं यंत्रें कशीं रचितात हें आधीं समजून घ्यावें व मग उत्तर शोधावें, असें मीं ठरविलें. त्या शोधांत जें हातीं लागलें तें आज वाचकांपुढें ठेवितों.

"यंत्रास विचार करितां येईल काय?" हा प्रश्न नवा नाहीं. इंग्लंडांतील गणितज्ञ ॲलन ट्युरिंग ह्यांनीं १९५० सालीं एका निबंधांत असें सुचविलें कीं, विचार म्हणजे काय ह्याचा वाद घालीत बसण्यापेक्षां परीक्षा घ्यावी. एक मनुष्य व एक यंत्र ह्यांना दृष्टीआड ठेवून त्यांच्याशीं लेखी संभाषण करावें. यंत्र कोणतें हें परीक्षकास ओळखतां येत नसेल, तर त्यास विचार नाहीं असें म्हणण्यास आधार काय? ह्यावर १९८० सालीं अमेरिकेंतील तत्त्वज्ञ जॉन सर्ल ह्यांनीं एक मार्मिक आक्षेप घेतला. चिनी भाषेचें एक अक्षरही न जाणणारा मनुष्य खोलींत बसला आहे. त्याच्यापाशीं नियमांचें एक पुस्तक आहे. बाहेरून चिनी अक्षरांची चिठ्ठी आली म्हणजे नियम पाहून तो दुसऱ्या अक्षरांची चिठ्ठी बाहेर देतो. बाहेरच्यांस वाटतें कीं, आंत कोणी चिनी पंडित आहे. पण आंतल्या मनुष्यास एका शब्दाचाही अर्थ कळलेला नसतो. यंत्राचें तसेंच आहे, असें सर्ल ह्यांचें म्हणणें.

हा वाद अद्याप मिटलेला नाहीं. आणि यंत्रास आत्मा असूं शकेल काय, हा प्रश्न तर त्याहून खोल आहे. तो मी येथें सोडवूं पाहत नाहीं. आजीबाईंची पिशवी भरण्यासाठीं त्या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबण्याचें कारण नाहीं. आपला प्रश्न अधिक सोपा व अधिक निकडीचा आहे: जें यंत्र आपल्या समजुतीप्रमाणें हेतु धरितें व संकल्प करून तो पार पाडितें, त्याच्या कृत्याचा जाब कोणीं द्यावा?

ह्या कामीं तत्त्वज्ञान व यंत्ररचना ह्यांची एके ठिकाणीं खरोखर गांठ पडली. १९८७ सालीं कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे तत्त्वज्ञ मायकेल ब्रॅटमन ह्यांनीं मनुष्याचे संकल्प व बेत ह्यांविषयीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यापूर्वीं कित्येक तत्त्वज्ञ असें समजत कीं, मनुष्याची कृति उलगडण्यास दोनच गोष्टी पुरेत: त्याची समजूत व त्याची इच्छा. मला तहान लागली, पाणी हवें, ही इच्छा. घागरींत पाणी आहे, ही समजूत. म्हणून मी उठून पाणी पितों. ब्रॅटमन म्हणाले कीं, एवढ्यानें भागत नाहीं. संकल्प ही तिसरी गोष्ट आहे, व ती पहिल्या दोहोंत विरघळवून टाकितां येत नाहीं.

हें कसें तें पाहूं. मनुष्याचा वेळ थोडा व बुद्धीचें बळही थोडें. रविवारीं अमक्या गांवीं जावयाचें असें मीं शुक्रवारीं ठरविलें, म्हणजे जावें कीं न जावें हा वाद मी घटकोघटकीं नव्यानें मांडीत नाहीं. आतां विचार इतकाच राहतो कीं, वाहन कोणाचें मागावें आणि निघावें केव्हां. त्याच दिवशींचें दुसरें बोलावणें आलें, तर पहिल्या बेताशीं तें जुळत नाहीं म्हणून बहुधा तें बाजूस पडतें. अशा रीतीनें संकल्प दोन कामें करितो. तो पुढील विचारास विषय नेमून देतो, आणि विसंगत बेतांस दार लावितो. ज्याला इच्छा पुष्कळ पण संकल्प एकही नाहीं, तो मनुष्य उंबऱ्यावरच उभा राहतो.

ह्याच सुमारास त्याच प्रदेशांत एस. आर. आय. नांवाच्या संशोधनसंस्थेंत मायकेल जॉर्जेफ व एमी लान्स्की हे संगणकाची अशी एक रचना करीत होते कीं, जिला सभोंवतीं घडणाऱ्या गोष्टी पाहून विचार करितां यावा, व विचार करितां करितां वेळेवर कामही करितां यावें. १९८७ सालीं ती प्रसिद्ध झाली. अमेरिकेच्या अंतराळयानाची दिशा बदलणाऱ्या लहान इंजिनांत बिघाड झाल्यास काय करावें, ह्या कामीं तिचा प्रयोग करून पाहण्यांत आला. पुढें जॉर्जेफ ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न शहरीं गेले, व तेथें आनंद राव ह्यांच्यासह त्यांनीं १९९१ सालीं समजूत, इच्छा व संकल्प ह्या तिहींचें तर्कशास्त्र मांडिलें. सिडनीच्या विमानतळावर उतरणाऱ्या विमानांचा क्रम लावण्यास साह्य करणारी एक रचना ह्याच पद्धतीवर बांधून १९९० नंतरच्या दशकांत तिची चाचणी घेण्यांत आली. तींत येणाऱ्या प्रत्येक विमानामागें एकेक यांत्रिक मुखत्यार नेमिलेला असे. १९९६ सालीं राव ह्यांनीं असे मुखत्यार लिहिण्यासाठीं एजंटस्पीक नांवाची भाषाही मांडिली.

अशा यंत्राचें अंतरंग सोप्या रीतीनें सांगतों. त्याजवळ तीन वह्या आहेत अशी कल्पना करा. पहिल्या वहींत त्याच्या समजुती, दुसरींत त्याचे हेतु, तिसरींत हातीं घेतलेले संकल्प. ह्यांशिवाय रीतींचें एक पुस्तक असतें, तें मनुष्यानें लिहून दिलेलें असतें. प्रत्येक रीतींत तीन गोष्टी लिहितात: काय घडलें असतां, कोणत्या परिस्थितींत, काय करावें. गांवच्या पाण्याच्या टाकीचा असा मुखत्यार केला, तर एक रीत अशी होईल: टाकींतलें पाणी हातभर उरलें असतां, वीज असून विहिरींत पाणी असल्यास, पंप सुरू करावा. दुसरी रीत अशी: पाणी हातभर उरलें असतां, वीज नसल्यास, पाणी सोडणाऱ्या माणसास निरोप पाठवावा. यंत्र पाहतें, पहिली वही सुधारितें, रीत निवडितें, ती तिसऱ्या वहींत मांडितें, एक पाऊल टाकितें, व पुनः पाहतें.

रचनाकारांनीं पहिल्या वहीस ज्ञान म्हटलें नाहीं, समजूत म्हटलें, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. टाकींतील माप बिघडलें, तर टाकी भरून वाहूं लागली तरी यंत्राच्या वहींत ती रिकामीच राहील, व तें पंप चालूच ठेवील. यंत्र जगाप्रमाणें चालत नाहीं. जगाविषयींच्या आपल्या वहीप्रमाणें चालतें. आपणही पुष्कळदां तसेंच चालतों, पण शेजारी ओरडून सांगतो तेव्हां आपण खिडकीबाहेर पाहतों.

आतां खरा नीतीचा प्रश्न येतो. एकदां केलेला संकल्प केव्हां सोडावा? राव व जॉर्जेफ ह्यांनीं निष्ठेचे तीन प्रकार वर्णिले. ते समजावेत म्हणून माझा एक दृष्टांत देतों. एका मुलास औषध देऊन नदीपलीकडच्या गांवीं आजाऱ्याकडे पाठविलें. पहिला मुलगा अंध निष्ठेचा: औषध पोंचलें अशी खात्री होईपर्यंत तो संकल्प सोडावयाचा नाहीं, नदीला पूर आला तरी कांठावर उभाच राहील. दुसरा एका ध्येयाचा: काम झालें किंवा होणें अशक्य आहे असें कळलें, तरच तो फिरेल, पूर पाहून तो घरीं येईल. परंतु आजाऱ्यास सकाळींच शहरच्या इस्पितळांत नेलें असें वाटेंत कळलें व नदीला पूर नसला, तर हा मुलगा रिकाम्या घराच्या ओट्यावर औषध ठेवून येईल. कारण तेथें पोंचणें शक्य होतें. तिसरा मोकळ्या मनाचा: ज्या हेतूसाठीं निघालों तो हेतूच उरला नाहीं असें कळतांच तो मार्ग बदलितो.

ह्यावरून तिसराच नेहमीं उत्तम असें कोणी म्हणेल. परंतु निवाडा इतका सोपा नाहीं. डेव्हिड किनी व जॉर्जेफ ह्यांनीं १९९१ सालीं एक परीक्षा केली. संगणकांत चौकटींचें एक लहान जग केलें. त्यांत खड्डे उत्पन्न होत व कांहीं वेळानें नाहींसे होत, आणि यंत्रानें ते भरावयाचे. कांहीं मुखत्यार धीट होते: हातचा बेत संपल्यावांचून ते फेरविचार करीत नसत. कांहीं सावध होते: प्रत्येक पावलास थांबून पुनः विचार करीत. परिणाम असा दिसला कीं, जग सावकाश बदलत असतां धीट सरस ठरले, कारण सावधांचा वेळ विचारांतच गेला. आणि जग झपाट्यानें बदलूं लागलें तेव्हां सावध सरस ठरले, कारण धीट मुखत्यार नाहींशा झालेल्या खड्ड्याकडे चालत राहिले. आपल्या शेतकऱ्यास हें नवें नाहीं. एकेका तासागणिक आभाळाकडे पाहत थांबणाऱ्याची पेरणी मागें पडते, आणि आभाळाकडे मुळींच न पाहणाऱ्याचें बीं वाहून जातें. किती निष्ठा व किती फेरविचार, हें प्रमाण ठरविणें हेंच शहाणपण. आणि यंत्रांत तें प्रमाण कोणीतरी मनुष्यच घालून देतो.

ह्याच विचारवंतांनीं आणखी एक भेद दाखविला, तो आपल्या प्रश्नाच्या अगदीं मुळाशीं जातो. एखादा मनुष्य दांत भरून घेण्यास दंतवैद्याकडे जातो. दुखेल हें त्याला ठाऊक आहे. तरी दुखावें असा त्याचा संकल्प नाहीं. दांत बरा व्हावा एवढाच संकल्प आहे. म्हणून यंत्राच्या रचनेंतही त्यांनीं असा नियम राखिला कीं, संकल्पाबरोबर अमुक परिणाम येईल अशी समजूत असली, तरी तो परिणाम संकल्पिलेला आहे असें मानूं नये. तर्कदृष्ट्या हें बरोबर आहे. परंतु दंतवैद्याच्या खुर्चींत जो बसतो तोच दुखणें सोसतो. आणि धान्याच्या दुकानापुढें ज्यांनीं नियम केला ते सोसत नाहींत, आजीबाई सोसतात. चोरी थांबावी हा संकल्प चांगला. झिजलेल्या अंगठ्याचीं खरीं माणसें कधीं कधीं परत जातील, हें ओळखणें कठीण नव्हतें. म्हणूनच तर दुसऱ्या मार्गानें ओळख पटविण्याची सोय नियमांत ठेविलेली आहे. जें संकल्पिलें नाहीं पण दिसत होतें, त्याचाही भार मनुष्यावर पडतो. "मीं तें योजिलें नव्हतें" एवढ्यानें तो सुटत नाहीं. दिसल्यावर काय केलें, हें त्यास विचारिलें जातें.

यंत्रापुढें हा प्रश्न उभाच राहत नाहीं. रीतींच्या पुस्तकांत जो परिणाम लिहिलेला नाहीं, तो त्याच्या दृष्टीनें घडतच नाहीं. यंत्र संकल्प सोडूं शकतें, बेत बदलूं शकतें, वही सुधारूं शकतें. परंतु "हें मीं केलें, आणि मीं करावयास नको होतें" असें म्हणून ज्याचें नुकसान झालें त्याच्यापुढें उभें राहणें, हें वही सुधारण्याहून निराळें आहे. चूक दुरुस्त करणें एक, आणि पश्चात्ताप करणें दुसरें. पश्चात्तापांत मनुष्य केलेलें कृत्य आपलें म्हणून पत्करितो, व ज्याचें देणें लागतो त्याचें तोंड पाहतो. असें करणारें यंत्र कोणीं बांधिलेलें माझ्या पाहण्यांत नाहीं.

येथें दोन आक्षेप संभवतात. कोणी म्हणेल, "मनुष्य तरी कोठें न्यायी आहे? कारकून ओळखीच्याचें काम आधीं करितो, जात पाहतो, लांच घेतो. यंत्र निदान तोंड पाहत नाहीं." हा आक्षेप मी हलका मानीत नाहीं. आपल्यापैकीं कित्येकांच्या आजोबांनीं कचेरीच्या पायरीखालीं उभें राहून काय सोसलें, तें आपण ऐकलें आहे. जेथें यंत्रानें पक्षपात कमी होतो तेथें तें अवश्य वापरावें. परंतु रीतींचें पुस्तक लिहिणारा मनुष्यच असतो, आणि त्याचा पक्षपात पुस्तकांत उतरला, तर तो हजारों दुकानांत एकदम उतरतो. शिवाय तेथें कोणाचें तोंड दिसत नसल्यानें कोणाशीं भांडावें हेंही कळत नाहीं.

दुसरा आक्षेप असा: "ह्या तीन वह्यांच्या गोष्टी जुन्या झाल्या. आजचीं यंत्रें निराळीं आहेत." हें खरें आहे. २०२२ सालापासून जीं संभाषण करणारीं यंत्रें सर्वत्र पसरलीं, त्यांना मनुष्यांच्या अफाट लेखनावरून शिकवितात. त्यांच्यांत समजूत, हेतु व संकल्प अशा वेगळ्या वह्या कोणीं लिहून ठेविलेल्या नसतात. आतां त्यांनाही पत्रें पाठविणें, खरेदी करणें, दुसऱ्या संगणकास आज्ञा देणें अशीं कामें सोंपवूं लागले आहेत. जुन्या मुखत्यारास "हें कां केलेंस?" असें विचारिलें, तर त्याच्या वह्या उघडून रीतीवर बोट ठेवितां येत असे. नव्यास विचारिलें तर तें गोड शब्दांत कारण सांगतें. पण तेंच खरें कारण होतें काय, हें त्याच्या रचनाकारांसही सहज सांगतां येत नाहीं. म्हणून नव्या यंत्रानें मनुष्याचा भार हलका झाला नाहीं, उलट वाढला. ज्या मुखत्यारास जमाखर्च दाखवितां येत नाहीं, त्याच्या हातीं घराच्या किल्ल्या देणाऱ्यानेंच अधिक जागें राहिलें पाहिजे.

तर त्या शिक्षकाच्या प्रश्नास माझें उत्तर हें. यंत्राची समजूत, यंत्राचा हेतु, यंत्राचा संकल्प, हे शब्द वापरण्यास हरकत नाहीं. त्यांनीं यंत्राचें वर्तन समजतें, व आपलेंही थोडें समजतें. परंतु जाब हा शब्द यंत्रास लावितां येत नाहीं. तो ज्यानें हेतु नेमिला, ज्यानें रीत लिहिली, ज्यानें तें दुकानांत ठेविलें, आणि जो तेथें उभा राहून गप्प बसला, त्या सर्वांमध्यें वांटला जातो. वांटल्यानें कोणाचाही वांटा शून्य होत नाहीं. त्या वांटणींत माझाही वांटा होता.

पुढील आठवड्यांत मी पुनः त्या गांवीं गेलों. दुकानदारास म्हटलें, "भाऊ, अंगठा जुळला नाहीं तर दुसरी सोय आहे ना?" तो ओशाळला, सोय त्याला ठाऊक होती, पण खटपट नको म्हणून त्यानें ती सोडून दिली होती. आजीबाईंच्या नातवाच्या मोबाईलवर आलेला आंकडा यंत्रांत घातला, आणि त्याच यंत्रानें होकार दिला. धान्याची पिशवी मीं त्यांच्या ओट्यापर्यंत नेली, व म्हटलें, "आजी, त्या दिवशीं मी तेथें होतों आणि बोललों नाहीं. तें माझें चुकलें." त्या म्हणाल्या, "मशीनला माझी चूल कुठं दिसते, बाबा? तुम्हांला दिसत होती." मग त्यांनीं मला बसावयास घोंगडी दिली व चहा टाकिला.

वाचकहो, पुढें आपल्या खेड्यांत अशीं यंत्रें पुष्कळ येतील: कर्जाच्या अर्जावर, पिकाच्या विम्यावर, मुलांच्या परीक्षेवर, इस्पितळाच्या दारावर. त्यांचा धिक्कार करूं नका व त्यांस भिऊंही नका. पण "मशीन नाहीं म्हणतें" असें कोणी सांगितलें, म्हणजे नम्रपणें तीन गोष्टी विचारा: ह्या यंत्रास हा हेतु कोणीं नेमून दिला? तें कोणत्या समजुतीवरून नाहीं म्हणतें, आणि ती समजूत खरी आहे काय? आणि तें चुकलें, तर आम्ही कोणत्या मनुष्याकडे जावें? पहिल्या दोहोंचें उत्तर तेथल्या तेथें न मिळालें तरी चालेल. तिसऱ्याचें उत्तर मिळाल्यावांचून मात्र दारांतून हलूं नका. आणि ज्याला विचारतां येत नाहीं असा कोणी शेजारीं उभा असेल, तर त्याच्यासाठीं तुम्ही विचारा.